जैतापूरचा कचरा वॅटमध्ये मोजा

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावर वाद पेटला की कचऱ्याबद्दल दोन वाक्यं हमखास कानावर येतात. विरोधक म्हणतात, कोकणात अणुकचरा पुरणार. समर्थक म्हणतात, कचरा असतोच किती? शिवाय आपण त्यावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातला उपयोगी भाग परत काढून घेतो. फिनलंडमध्ये राहून हा वाद वाचताना दोन्ही बाजूंनी मुद्दा निसटतोय असं सतत वाटतं. इथल्या ओल्किलुओतो बेटावर जैतापूरसाठी प्रस्तावित असलेल्याच ईपीआर जातीची अणुभट्टी २०२३ पासून नियमित वीज देते आहे. त्याच बेटाखाली, सुमारे ४३० मीटर खोल, वापरलेलं इंधन कायमचं ठेवण्यासाठी ऑन्कालोची भुयारं खोदून तयार आहेत.

आधी प्रतवारी. हातमोजे, पुसायची फडकी, हवेचे फिल्टर हा अल्प पातळीचा कचरा. पाणी शुद्ध करणारी रेझिन बहुतेक मध्यम पातळीची. बेकेरेल हे किरणोत्साराचं एकक. फिनलंडमध्ये किलोमागे १० लाख बेकेरेलपर्यंत अल्प आणि त्यापुढे १,००० कोटी बेकेरेलपर्यंत मध्यम, असं साधारण गणित आहे. हा माल १९९२ पासून ओल्किलुओतोच्याच खडकात ६० ते १०० मीटरवर जातो. भारतात घन कचऱ्याची पारंपरिक प्रतवारी पृष्ठभागावरच्या किरणोत्सर्गाच्या मात्रेवरून होते: तासाला २ मिलिग्रेच्या (मात्रेचं एकक) आत, २ ते २०, आणि २० च्या वर, अल्फा किरण देणारा वेगळा. त्यानुसार तो दगडी चरात, काँक्रीटच्या चरात किंवा टाइल होलमध्ये (जमिनीत उभ्या पुरलेल्या नळकांड्यात) जातो. तारापूरला हे अनेक वर्षं चालू आहे. त्यामुळे ‘पुरणार’ हा शब्द या वर्गापुरता खराच आहे, आणि भीती वाटावी असा हा वर्ग नाही.

उच्च पातळीच्या कचऱ्याची खूण म्हणजे उष्णता. भट्टीतून निघालेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवावं लागतं. इथे खाली उतरवण्याआधी ते साधारण ४० वर्षं थंड होऊ देतात. मग ते जाड भिंतींच्या हॉट सेलमध्ये येतं. सगळं काम रिमोटने. पहिलं काम वाळवण्याचं, आणि ते टाळता येत नाही. हे इंधन तांब्याचं कवच असलेल्या लोखंडी डब्यात कायमचं बंद करायचं असतं. त्या डब्यात पाणी आणि हवा राहिली तर किरणोत्सर्गामुळे नायट्रिक आम्ल तयार होतं आणि आतलं ओतीव लोखंड पोखरतं. म्हणून हवा काढून आर्गॉन भरतात. ओल्किलुओतोच्या जुन्या दोन भट्ट्यांचे १२ इंधन-जुडगे (इंधनाच्या कांड्यांचे गठ्ठे) एका डब्यात बसतात, पण कोणतेही १२ नाही. डब्याची एकूण उष्णता १,७०० वॅटच्या आत राहिली पाहिजे. म्हणून गरम जुडग्यांसोबत जुने, निवलेले जुडगे बसवायचे, आणि त्यासाठी प्रत्येक जुडग्याचा इतिहास नोंदलेला हवा. बाहेरचं तांब्याचं कवच जवळपास ५ सेंटिमीटर जाड. झाकण फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने बसतं, म्हणजे फिरती पिन तांबं न वितळवता सांधते. त्यानंतर अल्ट्रासाउंड आणि क्ष-किरणांनी सांधा तपासायचा.

१,७०० चा आकडा बेंटोनाइट मातीमुळे येतो. डबा सुमारे ८ मीटर खोल उभ्या भोकात बसतो, भोवती ही माती. पाणी लागलं की ती फुगते आणि खडकातल्या फटींकडचा रस्ता बंद करते. १०० अंशांच्या वर तापली तर तिचा फुगण्याचा गुण धोक्यात येतो. म्हणून दोन डब्यांमध्ये कित्येक मीटर अंतर ठेवायचं. भोकात पाणी जास्त झिरपत असेल तर ते भोक सोडून द्यायचं, नाहीतर माती फुगण्याआधीच धुपते. भुयारं किती किलोमीटर लागणार हे कचऱ्याच्या घनफळापेक्षा त्याच्या उष्णतेवर ठरतं. ‘कचरा असतोच किती’ या युक्तिवादाचं उत्तर इथे आहे.

आता जैतापूरचा हिशेब. १,६५० मेगावॅटची एक ईपीआर वर्षाला ढोबळमानाने ३० टन वापरलेलं इंधन बाहेर काढते. सहा भट्ट्यांचे १८० टन. ६० वर्षांचे १०,८०० टन. ऑन्कालो आखलं आहे ६,५०० टनांसाठी, म्हणजे एकट्या जैतापूरचा साठा फिनलंडच्या सगळ्या नियोजनाहून मोठा.

पुनर्प्रक्रियेने यातलं बरंच सुटतं, हे मान्यच आहे. वापरलेल्या इंधनात साधारण ९५ टक्के युरेनियम, १ टक्का प्लुटोनियम असतं. उरलेले ४ टक्केच काचेत गोठवायचे. तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला हे होतं आणि त्यातलं कौशल्य अस्सल आहे. ट्रॉम्बेच्या जुन्या द्रव कचऱ्यात सल्फेट जास्त होतं. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत ते मुरत नाही. वेगळा, पाण्यात विरघळणारा थर होऊन बसतं. तिथल्या लोकांनी बेरियम असलेली काच शोधून तो प्रश्न सोडवला. पण सीझियम, स्ट्रॉन्शियम, अमेरिशियम हे उष्णता देणारे घटक सगळे त्या ४ टक्क्यांतच. तारापूरच्या साठवणगृहात काचेचे डबे नैसर्गिक हवेवर निवतात, आणि काही दशकांनंतर त्यांनाही खोल खडकच लागणार. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १,००० मीटरवर तापवण्याचे प्रयोग झाले, राजस्थानचे ग्रॅनाइट अभ्यासले गेले. जागा अजून ठरलेली नाही.

खोल गेलं की संपलं, असंही नाही. न्यू मेक्सिकोतल्या विप या मिठाच्या थरातल्या साठ्यात, ६५५ मीटरवर, फेब्रुवारी २०१४ मध्ये अणुकचऱ्याचं एक पिंप फुटलं. आतल्या नायट्रेट क्षारांत ओल शोषायला खनिजाऐवजी मांजरांच्या विष्ठेसाठी वापरतात ती, गव्हापासून बनवलेली वाळू मिसळली होती. ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारे क्षार आणि जळणारा गहू एकाच पिंपात. तीन वर्षांच्या आसपास साठा बंद राहिला. खडकाने दगा दिला नव्हता, चूक भरतानाच झाली होती.

फिनलंडने कायदा, पैसा आणि गावाचा होकार आधी मिळवला आणि मग भुयारं खोदली, याचं मला मोल वाटतं. १९९४ च्या कायदादुरुस्तीने कचरा देशाबाहेर पाठवणं बंद केलं. उत्पादक कंपन्या १९८८ पासून वेगळ्या निधीत पैसे भरतात. गावाला नकाराधिकार आहे: ओल्किलुओतो ज्या पालिकेत येतं त्या युराजोकीने जानेवारी २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, त्यानंतर पुढच्या वर्षी संसदेने. अर्थात युराजोकीला अणुभट्टीची सवय १९७० च्या दशकापासूनची, मालमत्ता कराचं उत्पन्नही मोठं. जैतापूरजवळच्या नाटे-साखरीच्या मच्छीमाराची स्थिती तशी नाही, आणि ग्रामसभेचा ठराव केंद्राचा प्रकल्प अडवू शकत नाही. म्हणून ‘फिनलंडला जमलं’ हे वाक्य कोकणातल्या माणसाच्या तोंडावर फेकू नये.

आणि कोकणात कायमचं पुरण्याची भीती? प्रकल्पाच्या जागेचा, माडबनचा सडा म्हणजे जांभ्याखाली बेसाल्ट, थरांवर थर, सांधे आणि सच्छिद्र पट्टे असलेला. अशी जागा कोणी पहिल्या पसंतीने निवडणार नाही. खरी शक्यता वेगळी आहे: वापरलेलं इंधन तिथेच पाण्याच्या टाक्यांत वर्षानुवर्षं राहील. तेव्हा करार होण्याआधी लेखी मागायचं ते असं: टाक्यांची क्षमता किती वर्षांची, त्या भरल्यावर कोरडे पिंपसाठे कुठे, पुनर्प्रक्रिया कोणत्या केंद्रात आणि कोणत्या साली, तिथवर वाहतूक रस्त्याने की समुद्राने, आणि युनिटमागे किती पैसे या कामासाठी बाजूला पडणार. भट्टी मोडण्यासाठी आपल्या वीजदरात युनिटमागे २ पैसे धरलेले आहेत. खोल साठ्याचा आकडा त्याच ओळीखाली छापलेला असायला हवा.