हॉर्नच्या डब्यात ‘कुठलाही अठरा इंची’ चालत नाही

गणपती जवळ आले की साउंडवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. हॉर्नच्या बेसमधला (रुंद होत जाणाऱ्या हवेच्या वाटेतून आवाज वाढवणाऱ्या लाकडी डब्यातला) स्पीकर जळला तर ओरिजिनलच्या मागे लागू नका. अठरा इंची, जास्त वॅटचा, जड मॅग्नेटचा कुठलाही टाका. डबाच आवाज वाढवतो आणि कोनही तोच सांभाळतो. एफएस (कोन आपसूक ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती), क्यूईएस (मॅग्नेट-कॉइल त्या डोलण्याला किती आवरतात ते; आकडा कमी तितकी पकड जास्त) हे आकडे नुसते कागदावरचे. आणि काहीच नाही मिळालं तर बाजारातलं रिकोन किट (जुन्या फ्रेममध्ये नवा कोन आणि कॉइल बसवण्याचा संच) आहेच. पैसे वाचवायचा हेतू रास्त आहे, पण या सल्ल्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य पुढे जास्त खर्चात पाडतं.

(बाजारात ‘ड्रायव्हर’ म्हटलं की वरचा ट्रेबलचा युनिट समजतात, म्हणून इथे बेसच्या युनिटला सरळ ‘स्पीकर’च म्हटलं आहे.)

‘अठरा इंची म्हणजे अठरा इंची, बसला की झालं.’

आधी बसतो का, तेच बघा. बहुतेक १८ इंची फ्रेमचा बाहेरचा व्यास ४६० मिमीच्या आसपास असतो, पण कटआउट आणि बोल्टचं वर्तुळ कंपनीगणिक काही मिलिमीटर मागेपुढे होतं. नवी भोकं जुन्यांना खेटून पाडली तर प्लाय फुटतो आणि टी-नट (लाकडात ठोकलेली नट) फिरतो. स्कूप (स्पीकरच्या मागच्या बाजूला हॉर्न असलेला डबा) किंवा टॅप्ड हॉर्नमध्ये (कोनच्या दोन्ही बाजू एकाच हॉर्नमध्ये उघडतात तो डबा) मॅग्नेट हवेच्या वाटेतच असतो. तिथे मोठा फेराइट (नेहमीचा जड मॅग्नेट) बसवला तर हॉर्न मध्येच अरुंद होतो. गळ्याच्या (हॉर्न जिथे सुरू होतो त्या अरुंद तोंडाच्या) फळीपासून कोनला अंतर किती उरतं, तेही मोजायला हवं. हॉर्नमध्ये फळी कोनच्या अगदी पुढ्यात असते, आणि बोट दाबून ‘लागत नाही’ म्हणणं पुरेसं नाही. एक्समॅक्स (कोन काबूत राहून जेवढा पुढे-मागे जातो ते अंतर) ९ मिमी असेल तर जोरात वाजताना कोन त्याहून पुढे जातो. सराउंडच्या (कोनच्या कडेच्या लवचीक रिंगच्या) सर्वांत उंच भागापासून किमान १५ मिमी मोकळे ठेवा. कमी पडलं तर प्लायची रिंग घालता येते, पण त्याने पुढच्या चेंबरची (कोन आणि गळ्यामधल्या पोकळीची) हवा वाढते आणि वरचा बेस थोडा उतरतो.

‘वॅट जास्त, आवाज जास्त.’

वॅट म्हणजे स्पीकर किती उष्णता सोसेल याचा आकडा. ५०० चे १००० वॅट केले तर फरक ३ डीबी, तोही ॲम्पने तेवढे दिले तर. शिवाय स्टिकरवरचे वॅट कुठले, हेही विचारा. एईएस (प्रमाणित चाचणीत सलग सोसलेले) ७०० वॅटच्या स्पीकरला प्रोग्राम १४०० आणि पीक २८०० लिहिता येतं. तिन्ही आकडे खरेच, पण तुलना एईएसची एईएसशीच करायची. सेन्सिटिव्हिटीतही (ठरावीक वॅटला स्पीकर किती आवाज देतो त्या आकड्यातही) अशीच मेख आहे: ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तो १ नव्हे, २ वॅट खातो, आणि कागदावर फुकटचे ३ डीबी दिसतात.

‘मॅग्नेट उचलून बघा, जड असेल तर दम आहे.’

कामाचा असतो गॅपमधला (कॉइल ज्या फटीत हलते तिथला) चुंबकीय जोर आणि त्यात सापडणारी कॉइलची तार. हे दोन्ही मिळून बीएल. गॅप रुंद ठेवला, प्लेट पातळ दिल्या, तर दोन मॅग्नेट एकावर एक लावूनही बीएल कमीच राहतो. उलट छोटासा निओडिमियम (हलका पण जोरदार मॅग्नेट) भरपूर बीएल देतो. मात्र बजेट आखूड असेल तर निओच्या नादी लागू नका. पैसे प्रामुख्याने वजन कमी होण्याचे जातात, आणि बंद, तापलेल्या मागच्या चेंबरमध्ये साध्या ग्रेडचा निओ फेराइटच्या कितीतरी आधी जोर गमावतो.

‘पॅरामीटर म्हणजे कागदी गोष्टी.’

खरा पैसा इथेच वाचतो, म्हणून जरा सविस्तर.

हॉर्नमध्ये स्पीकरला हवेचा जड थर ढकलायचा असतो. त्यासाठी कोनच्या वजनाच्या मानाने मोटर (म्हणजे मॅग्नेट आणि कॉइल) ताकदवान हवी. हे तपासायला एकच हिशोब पुरतो: एफएसची दुप्पट करा आणि क्यूईएसने भागा. येणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या वर हॉर्नचा आवाज कोनच्या वजनामुळे उतरू लागतो.

दोन स्पीकर घ्या, दोघांचा एफएस ३५ हर्ट्झ. पहिल्याचा बीएल २५, आरई (कॉइलचा रोध) ५.२ ओहम, हलणारं वजन म्हणजे एमएमएस २०० ग्रॅम. त्याचा क्यूईएस ०.३७ येतो आणि ही मर्यादा १९० हर्ट्झच्या आसपास; १२० ला क्रॉसओव्हर (बेस जिथे थांबून वरचे स्पीकर सुरू होतात ती सीमा) ठेवला तर निर्धास्त. दुसऱ्याचा बीएल १८, आरई ५.५, एमएमएस २३०. क्यूईएस ०.८६, मर्यादा ८१ हर्ट्झ. क्रॉसओव्हरच्या कितीतरी खालीच हा दमला. त्याच डब्यात हा गुबगुबीत, उशिरा येणारा बेस देईल. ढोलाची थाप ऐकू येईल, पण छातीवर बसणार नाही. मग मंडळी इक्वलायझर चढवतात आणि कॉइल जळते.

कार ऑडिओचा सबवूफर हॉर्नमध्ये टाकायचा मोह याच कारणाने आवरा. जड कोन, रबरी सराउंड, वर इंडक्टन्स (वरच्या फ्रिक्वेन्सीला कॉइल करते तो अडथळा). ४ मिलिहेन्रीची कॉइल १०० हर्ट्झलाच अडीच ओहम आडवे घालते.

आकडे खरे की थापा, हेही घरबसल्या कळतं. ६.२८ ला एफएसने गुणा, मग किलोमधल्या एमएमएसने, मग आरईने, आणि बीएलच्या वर्गाने भागा. उत्तर छापलेल्या क्यूईएसच्या जवळ आलं पाहिजे. वरच्या पहिल्या स्पीकरचं: ६.२८ × ३५ × ०.२ × ५.२ भागिले ६२५, म्हणजे ०.३७. याच बाकी आकड्यांसोबत कागदावर बीएल २५ आणि क्यूईएस ०.६ असं दिसलं तर ती पत्रिका दोन वेगळ्या स्पीकरांची जोडलेली आहे. तो नग सोडून द्या.

पण क्यूईएस जितका कमी तितकं चांगलं, असंही नाही. ओरिजिनलपेक्षा फारच ताकदवान मोटर टाकली तर ८०–१२० चा भाग फुगतो आणि ४०–५० चा मागे पडल्यासारखा वाटतो. मागचं चेंबर बंद असलेल्या पुढच्या हॉर्नला कमी क्यूटीएस (क्यूईएसमध्ये कोनच्या टांगणीचं घर्षणही धरलेला आकडा) मानवतो, स्कूप आणि टॅप्ड हॉर्नला थोडा जास्त. ओरिजिनलच्या आकड्यांच्या आसपास राहणं हाच सुरक्षित मार्ग. डबा आणि स्पीकर किती बांधलेले असतात याचा दाखला लॅब सब: टॉम डॅन्ली यांच्या या डिझाइनमध्ये बारा इंची दोन स्पीकर बसतात, आणि त्यासाठी एमिनन्स या स्पीकर कंपनीने लॅब १२ हा खास स्पीकर काढला. त्या डब्यात दुसरा बारा इंची टाकला की तो लॅब सब राहत नाही.

मागच्या चेंबरसाठी व्हीएएस (स्पीकरच्या टांगणीएवढी लवचीक हवा किती लिटर, तो आकडा) बघा. व्हीएएस १५० लिटरचा स्पीकर ८० लिटरच्या बंद चेंबरमध्ये गेला की ३५ चा एफएस ५९ ला चढतो. व्हीएएस २५० असेल तर थेट ७१ ला. डिझाइन करणाऱ्याने हा स्प्रिंग हॉर्नच्या कटऑफशी (ज्याच्या खाली हॉर्न काम करत नाही त्या फ्रिक्वेन्सीशी) जुळवलेला असतो.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर डेव्हिड मॅकबीन यांचं हॉर्नरेस्प हे हॉर्नचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टेप घेऊन डब्याची मापं एकदा भरा, मग स्पीकरचे आकडे बदलत बसा. त्यात एमएमडी लागतो. तो एमएमएसपेक्षा कोनला चिकटलेल्या हवेच्या वजनाएवढा कमी असतो. ओरिजिनलचा कागद हरवलाय? शेजारच्या डब्यातला चांगला नग काढा आणि आरईडब्ल्यू (मोजमापाचं सॉफ्टवेअर), साउंडकार्ड आणि एक रेझिस्टर वापरून त्याचा इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा रोध) मोजा. अर्ध्या तासाचं काम.

‘हॉर्न कोनला सांभाळतो.’

अर्धं खरं. हॉर्न जिथे काम करतो तिथे कोन कमी हलतो. कटऑफच्या खाली हवेचा भार नाहीसा होतो, आणि स्कूप किंवा टॅप्ड हॉर्नमध्ये कोनला धरायला काहीच उरत नाही. ४० हर्ट्झच्या डब्यात २५ हर्ट्झचं रेकॉर्डिंग गेलं की स्पीकर आवाज न करता स्वतःला मारतो. ३०–३५ हर्ट्झला ऑक्टेव्हला २४ डीबीचा हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) प्रोसेसरमध्ये फुकट असतो. नवा स्पीकर घ्यायच्या आधी तो लावलेला आहे का ते बघा.

दुसरं, गळ्यावरचा दाब. कोनचं क्षेत्रफळ १२०० चौरस सेंमी आणि गळा ६०० असेल तर दाब दुपटीचा. पातळ कागदाचा कोन इथे कॉइलच्या मानेपाशी चुरगळतो, डस्ट कॅप सुटते. जाड, कडक कोन आणि घड्यांचा कापडी सराउंड घ्या.

‘नवा दमदार स्पीकर टाकला की बेस अजून खाली जाईल.’

नाही. खाली किती जायचं ते हॉर्नची लांबी आणि तोंड ठरवतं. २ मीटरची वाट साधारण ४३ हर्ट्झपर्यंतच. जमिनीवर ठेवलेल्या हॉर्नला ४० साठी जवळपास ३ चौरस मीटर तोंड लागतं. म्हणूनच असे डबे चार-चारच्या गठ्ठ्यात लावतात. खाली जायचं असेल तर डबे एकत्र आणा.

‘रिकोन किट टाकलं की नवा.’

ओरिजिनल किट मिळत असेल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बरोबर उपाय हाच. अट एवढीच, की फ्रेम वाकलेली नसावी आणि पोलपीस (कॉइलच्या आतला लोखंडी दांडा) सरकलेला नसावा. मास्किंग टेपने गॅप साफ करा, जळलेल्या वार्निशचा कणही राहू देऊ नका, शिम (कॉइल मधोमध धरणाऱ्या पातळ पट्ट्या) घालून चिकटवा आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे एक दिवस, हात लावू नका. बाजारातल्या ‘बसणाऱ्या’ किटमध्ये मात्र कॉइलची उंची, स्पायडरचा (कोनला मागून धरणाऱ्या कापडी चकतीचा) ताठपणा, कोनचं वजन सगळंच वेगळं. नाव जुनं राहतं, आकडे नवे होतात.

दोन स्पीकरच्या डब्यात हे जास्त महाग पडतं. मागचं चेंबर एकच असेल तर ताकदवान स्पीकर हवेतून कमजोर स्पीकरला हलवतो आणि कमजोर आधी फुटतो. तिथे दोन्ही एकसारखे लावा, उरलेला चांगला नग सुटा सांभाळून ठेवा.

बजेटमध्ये शोधायचा क्रम असा: ओरिजिनल किट, मग त्याच मॉडेलचा वापरलेला नग, मग हिशोबाला उतरणारा नवा. वापरलेला घेताना मल्टिमीटरने आरई मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला ५ ते ६ यायला हवा. मग कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून कानाने घासण्याचा आवाज ऐका, आणि वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास रंग मारून जात नाही.

बसवल्यावर मागच्या झाकणाला नवी फोमपट्टी लावा, ३५ ते १२० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकणारा सूर) हळू आवाजात फिरवा आणि झाकणाच्या कडेने ओला हात न्या. जिथे गार वाटेल तिथे हवा गळते आहे.