चौतीस मोजे आणि माझं डोकं

ह्या वर्षी परत कोणी मला नाताळच्या मोज्यांसाठी "अगं छोटंसंच काहीतरी घे" म्हणालं ना, तर ती छोटीशी वस्तू मी त्याच्याच मोज्यात कोंबीन आणि तो मोजा त्याच्याच तोंडात.

आत्ता राणीपुऱ्याच्या बाजारातून आलेय. गाडी लावायला जागा नाही म्हणून लांब कुठेतरी लावली, तिथून पायी, येताना एक थैली फाटली, रस्त्यात पंचवीस खोडरबर वेचत बसले आणि मागून एक भिया, म्हणजे आमचा इंदुरी भैया, हॉर्न वाजवून राहिला. पाय तुटलेत. आणि काम अर्धंसुद्धा झालेलं नाही.

भानगड अशी आहे. मोठ्या नणंदबाई न्यू जर्सीला असतात, तिकडे डिसेंबरअखेर शाळांना सुट्टी म्हणून दर वर्षी ह्याच दिवसांत इंदूरला येतात, आणि त्या आल्या की सासरे, सासऱ्यांचे तीन भाऊ, दोन बहिणी, त्या सगळ्यांची मुलं, सुना, जावई, नातवंडं अशी चौतीस माणसांची वरात २५ तारखेला आमच्या सुदामानगरच्या घरी. जेवण, गप्पा, रात्री सराफ्यात खायला चक्कर, इथवर छानच, मला माणसांचा कंटाळा नाही. पण चार वर्षांपूर्वी ताईंनी ते स्टॉकिंगचं काढलं. म्हणजे लाल मोजा टांगायचा, प्रत्येकाच्या नावाचा, आणि त्यात छोट्या छोट्या वस्तू भरायच्या. स्टॉकिंग स्टफर म्हणतात म्हणे. पहिल्या वर्षी त्यांनी तिकडूनच बॅग भरून सामान आणलं होतं, सगळे खूश, फोटो-बिटो. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "अगं बॅगेत वजन होतं, तूच घे ना तिथे, तिथे तर सगळं स्वस्त मिळतं." झालं. तेव्हापासून हे माझ्या गळ्यात.

त्यामागची गोष्ट ताई फार गोड सांगतात. चौथ्या शतकात मायरा म्हणून गाव, आजच्या तुर्कस्तानात, तिथले बिशप संत निकोलस. एका गरीब माणसाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर ह्यांनी रात्री गुपचूप घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि त्या शेकोटीपाशी वाळत घातलेल्या मोज्यांत जाऊन पडल्या अशी दंतकथा. आमच्या आजेसासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही हुंडाच." आणि मग, "पण पायातल्या मोज्यात खायची वस्तू? शी!" त्यांना नवे, न घातलेले मोजे असतात हे समजावण्यात अर्धा तास गेला. माझं म्हणणं एवढंच की मुली तीन होत्या. तीन! चौतीस असत्या तर संतांनीही खिडकी लावून घेतली असती.

आता हिशोब ऐका, कारण हा हिशोब घरात कोणालाच ऐकायचा नसतो. ताईंनी ठरवलं, माणशी पन्नास रुपये, "इनएक्स्पेन्सिव्हच ठेवू, उगाच कोणावर बोजा नको." चौतीस गुणिले पन्नास, सतराशे. बरं. मोजा बाजारात विचारला तर साठ रुपयाला एक, तोही पातळ, टिचकी मारली तर शिवण उसवेल असा. चौतीस मोजे म्हणजे दोन हजार चाळीस! नुसते रिकामे मोजेच बजेटच्या बाहेर. म्हणून शीतलामाता बाजारातून तीनशेचं लाल कापड आणलं आणि चार रात्री बसून मशीनवर मी मोजे शिवले. त्या चार रात्रींचा भाव कोणी धरला? कोणी नाही, कारण "तुला आवड आहे ना शिवणाची." उरले चौदाशे, माणशी एक्केचाळीस, आणि ताईंचा नियम काय तर मोज्यात कमीत कमी चार वस्तू हव्यात, नाहीतर तो लोंबकळतो, भरलेला दिसत नाही. म्हणजे एक वस्तू दहा रुपयांत.

दहा रुपयांत काय येतं सांगा मला. आणि हे पैसेसुद्धा अजून आलेले नाहीत हां, "पाठवते गं यूपीआयने" असं नऊ जणांनी म्हटलंय, पाठवले दोघांनी.

तिकडच्या लोकांना वाटतं इथे सगळं फुकटात मिळतं. अहो तुमच्या तिकडच्या त्या सगळं एका डॉलरला देणाऱ्या डॉलर ट्री दुकानातसुद्धा २०२१ ला एका डॉलरचा सव्वा डॉलर झाला, मग आमचा दहाचा बारा होणार नाही का? तर म्हणे आता जीएसटी कमी झालाय ना. झालाय, २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा १८ चा ५ टक्के झालाय, पेन्सिली, खोडरबर आणि वह्यांवरचा तर शून्यच, म्हणून काय पंचाहत्तर वर्षांच्या काकांना पेन्सिल आणि खोडरबर देऊ?

आणि खरी चीड कशाची येते माहितीये, "पर्सनल" ह्या शब्दाची. "अगं प्रत्येकाला पर्सनल वाटलं पाहिजे." अहो, आपल्याकडे संक्रांतीला वाण लुटतोच की आपण. ह्या जानेवारीत मी साठ बायकांना चहाची गाळणी दिली. साठ गाळण्या, एकाच दुकानातून, वीस मिनिटांत काम खलास. कोणी म्हटलं का, ही गाळणी माझ्या स्वभावाला शोभत नाही? कोणी शेजारणीच्या गाळणीशी आपली मापून पाहिली का? नाही, कारण सगळ्यांना तेच! हळद-कुंकू, तिळगूळ, गाळणी, पुढची. ज्या कोणी बाईने शेकडो वर्षांपूर्वी हे ठरवलं तिच्या घरी नक्की चौतीस माणसं असणार. आणि इथे स्वस्तही हवं, पर्सनलही हवं आणि माणसं चौतीस.

बरं, माणसं कशी तर दोन काकांना डायबिटीस, त्यांना चॉकलेट चालत नाही. सासऱ्यांना दातच नाहीत, चिक्की बाद. तीन पोरं तीन वर्षांच्या आतली, त्यांना बारीक काही दिलं तर सरळ तोंडात, म्हणून गोट्या, मणी, छोट्या गाड्या सगळं बंद. चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुली, त्यांना मी काहीही दिलं तरी त्या एकमेकींकडे बघून हसतात. पुरुषांना काय देतात हे मला आजतागायत कळलेलं नाही, माझ्या पहिल्या वर्षी कंगवे दिले, त्यातल्या पाच जणांना टक्कल, तेव्हापासून आत्याबाईंचे यजमान माझ्याशी जरा तुटकच वागतात. की-चेन झाली, नेलकटर झालं, पेन झालं. एका चुलत दिरांनी तर मोज्यातला शू-पॉलिशचा ब्रश तिथेच टेबलावर ठेवला आणि गेले, घरीसुद्धा नेला नाही!

आणि गेल्या वर्षीचं लिपबाम प्रकरण. दुकानात लाल पंधराच होते म्हणून सात जणींना गुलाबी आले. बस. मोठ्या जाऊबाईंच्या वाट्याला गुलाबी आणि धाकटीला लाल, त्यावरून मकरसंक्रांतीपर्यंत पुरेल एवढा विषय झाला. "नाही गं, मला काय, मी कुठे लावते, फक्त लक्षात आलं म्हणून म्हटलं."

नवरा म्हणतो, "एवढं काय त्यात, ऑनलाइन मागव." मागवलं होतं, बाबा. फोटोत मुठीएवढी दिसणारी खेळणी घरी आली तेव्हा चण्याएवढी. परत पाठवायची तर खोक्यासकट, आणि खोक्यावर तोपर्यंत मुलाने कासवाचं चित्र काढलं होतं. मग बाजारच बरा, पण बाजारात काय, "दीदी, दर्जन से कम नहीं मिलेगा." चौतीसला बाराने भाग जात नाही हो! तीन डझन घ्या, दोन उरवा, आणि त्या उरलेल्या दोन कोणाला दिल्या ह्याचा वेगळा हिशोब ठेवा. प्रत्येक वस्तूच्या दोन, चार वस्तूंच्या आठ, ह्या वर्षीच्या आठ आणि मागच्या वर्षींच्या सगळ्या माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत, कोणाला शिट्टी लागली तर सांगा.

आमच्या शाळेत एक ख्रिश्चन टीचर आहेत, त्यांना विचारलं तुम्ही कसं करता एवढं सगळं. त्या पोटभर हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे केक, कुलकुल, रात्री चर्च आणि लहान मुलांना एकेक खेळणं. मोठ्यांना कशाला मोजे?" बघा! ज्यांचा सण आहे ते निवांत आहेत.

त्यांनीच एक सांगितलं, मोज्याच्या अगदी टोकाला संत्रं घालायची जुनी पद्धत आहे, ते सोन्याच्या गोळ्याची खूण म्हणून. मला एवढा आनंद झाला! डिसेंबरात इथे हातगाड्या संत्र्यांनी भरलेल्या असतात, आमचं आगर माळवा तर त्यासाठीच प्रसिद्ध. मी ताईंना फोन केला, म्हटलं प्रत्येकाला एक संत्रं आणि एक जीरावनची, आमच्या पोह्यावरच्या इंदुरी मसाल्याची, पुडी, सगळ्यांना सारखं. पुण्याहून येणारे तसेही जाताना पोह्यावर घालायला जीरावनच मागतात, दर वेळी भांडतात त्यावरून, सासूबाईंच्या डब्यातलं चमच्याने काढून नेतात. वापरतील, संपवतील, कचऱ्यात जाणार नाही. कारण ते बाकीचं सगळं कुठे जातं ते मला माहितीये, २६ ला सकाळी कचरागाडी येते, तेव्हा सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात तुटक्या शिट्ट्या आणि चाक निघालेल्या गाड्या मीच टाकते. २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्यात आमच्या मोज्यांचा हात नाही एवढं नक्की.

ताई दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, "छान आहे गं आयडिया, पण ते... किराण्यासारखं नाही वाटणार?"

किराण्यासारखं!

म्हणून आज परत राणीपुरा. तीन डझन रुमाल घेतले, छोटे, माप बघू नका. तीन डझन खोडरबर, त्यातले अकरा रस्त्यातच गेले. पेनं उद्या. चौथी वस्तू काय ते देवाला ठाऊक. आणि संत्री तर मी आणणारच आहे, कोणी काही म्हणो, चौतीसच्या चौतीस मोज्यांच्या टोकाला, आणि वर जीरावन.

हे लिहीत होते तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. पुण्याच्या चुलत नणंदेचे सासू-सासरे आणि दीर पण येणार आहेत, "त्यांचेही मोजे कर हं, त्यांना परकं वाटायला नको." खाली अकरा जणांचे हार्ट.

सदतीस झाले. रुमाल छत्तीस आहेत.