आर्मीचे टायर: भाव नंतर विचारा, आधी तारीख वाचा

पाऊस लागला, जाम गेटचा डोंगर हिरवा झाला की आपल्या इंदूरच्या जीपवाल्या पोरांचं सुरू होतं. ‘काका, महू छावणीकडचे आर्मीचे टायर आलेत, निम्म्याहून कमी भावात. टाकून घेऊ का?’ दरवर्षी हेच. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतो. आर्मीचे टायर म्हणजे फौजेने लिलावात काढलेले टायर.

माझं मत स्वच्छ आहे. शेतावर फिरणाऱ्या जीपला जरूर टाका. बायकापोरांना बसवून घाट उतरायच्या गाडीला टाकू नका.

टायर मुळात वाईट नसतो, उलट फार इमानाने बनवलेला असतो. जुन्या जीपला लागतो तो ६.००-१६ चा (सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचा) एनडीटी, म्हणजे नॉन-डायरेक्शनल ट्रेड, घ्या. आडव्या जाड पट्ट्यांची नक्षी, तिला उलटं-सुलटं नाही, पुढे-मागे डावीकडे-उजवीकडे कुठेही बसवा. फौजेला तेच हवं असतं, एकच स्टेपनी चारही चाकांना चालली पाहिजे. धाग्याचे थर भरपूर, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, टणक. चोरल नदीच्या पात्रातल्या धारदार काळ्या दगडांवरून गाडी हळूहळू काढायची असेल, वाटेत बाभळीचे काटे असतील, तर या टायरवर माझा आजही भरवसा आहे.

पण तो बनवलाय कशासाठी? भरलेली गाडी, कमी वेग, कच्चा रस्ता. आपण तो घालतो जेमतेम टनभराच्या गाडीला, आणि ती पळवतो डांबरावर. गाडी हलकी असली की जाड थरांचा टायर दबतच नाही, जमिनीला नीट टेकत नाही. मग हवा कमी करावी म्हणाल, तर आत ट्यूब असते. हवा फार उतरवली की रिमवर टायर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व मुळातून फाटतो. ओल्या डांबरावर तर या पट्ट्यांची पकड कमीच, कारण पाणी कापायला लागणाऱ्या बारीक चिरा त्यांच्यावर नसतात. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना जाम गेटच्या पुढची वळणं धुक्यात आणि पावसात कशी असतात, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

आणि आपली माळव्याची काळी माती! चिखलासाठी म्हणून पोरं हे टायर घेतात, पण या मातीत एनडीटीच्या पट्ट्यांमधल्या फटी चार फेऱ्यांत लिंपून जातात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची तिरकी नक्षी पाहा, ती माती बाहेर फेकते. आडव्या पट्ट्यांना ते जमत नाही. चिखलातच जायचं असेल तर चांगला मड टायर घ्या, त्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वय. सरकारी लिलावात माल लॉटने जातो, व्यापारी अख्खा लॉट उचलतो आणि मग सुटे टायर विकतो. त्यात कितीतरी टायर रस्त्यावर उतरलेलेच नसतात, नक्षी अगदी कोरी. विकणारा तेच दाखवतो, ‘पाहा साहेब, अनयूज्ड’. पण रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं. रबरात एक मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. टायर फिरताना दबतो-सुटतो, तसं ते मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला जपतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टायरला हे संरक्षण पुरेसं मिळत नाही, म्हणून न वापरलेल्या टायरलाही भेगा पडतात.

तेव्हा दुकानात गेलात की साइडवॉलवरचा तारखेचा कोड शोधा. चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, सरळ परत फिरा. कोड एकाच बाजूला असू शकतो, म्हणून टायर उलटवायला सांगा. मग फडकं ओलं करून साइडवॉल पुसा, कारण काळं पॉलिश फासलेलं असतं. नक्षीच्या खाचेत, अगदी तळाशी, अंगठ्याने दाबून फाकवून पाहा. केसासारख्या भेगा तिथेच उघडतात. कितीतरी कंपन्या १० वर्षांनंतर टायर बदलाच म्हणतात, नक्षी कितीही शिल्लक असो.

काहीजण ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ घालतात, गाडी उंच दिसते म्हणून. ते छोट्या ट्रकचं माप आहे. त्याला साडेपाच-सहा इंची रिम लागते, जुन्या जीपची मूळ रिम साडेचार इंचाची. अरुंद रिमवर टायर बाजूंनी आवळला जातो आणि मधोमध फुगतो. व्यासही साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते आणि ब्रेक मात्र जुनेच. शिवाय वजनाने किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगची वाट लागते. दोनच टायर स्वस्तात मिळाले म्हणून पुढे एक माप नि मागे दुसरं, असं तर करूच नका. फोर बाय फोर टाकताच ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, आखडतो.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. जुन्या फौजी चाकांची रिम कधीकधी दोन तुकड्यांची, नट-बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सैल करायचे नाहीत. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही, तुम्ही उभे राहून सांगा. दाबाखाली रिम उघडली तर माणूस वाचत नाही.

एवढं पाहूनही चारही टायर ताजे, एका मापाचे, एका तारखेच्या आसपासचे मिळाले आणि गाडी शेतावरच राहणार असेल, तर खुशाल घ्या, पैसे वसूल होतील. शंका असेल तर पैसे द्यायच्या आधी कोडचा आणि खाचेतल्या रबराचा जवळून काढलेला फोटो इथे कमेंटमध्ये टाका. मी पाहतो, आणि मला नाही कळलं तर इथे माझ्याहून जाणकार मंडळी आहेत, ती सांगतील.