पोपच्या मुकुटावर नसलेली पदवी

वसईतल्या आमच्या गटावर एक मेसेज वर्षातून एकदा तरी फिरून येतोच. पोपच्या मुकुटावर म्हणे ‘व्हिकारिउस फिलिई देई’, म्हणजे ‘देवपुत्राचा प्रतिनिधी’, ही त्यांची अधिकृत पदवी कोरली आहे. तिच्यातल्या रोमन आकड्यांची बेरीज ६६६, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, ‘प्रकटीकरणा’तल्या, ख्रिस्तविरोधी श्वापदाचा आकडाही तोच. आणि ‘व्हिकारिउस’ म्हणजे ख्रिस्ताची जागा बळकावणारा! यंदा मावशीने घाबरून फोन केला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बेरीज बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो. व्हिकारिउसचे ११२, फिलिईचे ५३, देईचे ५०१. पण त्यासाठी लॅटिनप्रमाणे यूचा व्ही करून ए, आर, एस, एफ, ई ही अक्षरं शून्य धरावी लागतात. प्रकटीकरण लिहिलं गेलं ग्रीकमध्ये. ग्रीक आणि हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते, अक्षरांनी आकडे लिहिण्याच्या आपल्या जुन्या कटपयादी पद्धतीत व्यंजनांना असते तशी. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत मांडलं की ६६६ येतात. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा ‘न’ गाळला की ६१६. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत आकडा खरोखरच ६१६ आहे! म्हणून अनेक अभ्यासक रोमन सम्राट नीरोकडे बोट दाखवतात. पोपच्या पदवीची बेरीज मांडली ती आंद्रेआस हेल्विग या जर्मन प्रोटेस्टंट पंडिताने, १६१२ साली. प्रकटीकरणानंतर तब्बल पंधराशे वर्षांनी.

पुढे हा दावा सर्वांत जास्त गाजवला ऍडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या लेखकांनी. त्या पंथाच्या एक संस्थापिका एलन गूल्ड व्हाइट. डब्ल्यूचे दोन व्ही धरा आणि त्यांच्या नावाची बेरीज करून पाहा. तीही ६६६ भरते.

‘अधिकृत पदवी’ हा मुद्दा जास्त रंजक आहे. हे शब्द सर्वांत आधी भेटतात ते ‘कॉन्स्टंटाइनचं दानपत्र’ या, सम्राटाने पोपला सत्ता दिल्याचं सांगणाऱ्या कागदात, आणि तो कागदच बनावट. आठव्या शतकाच्या सुमारास रचलेला, नाव मात्र चौथ्या शतकातल्या सम्राटाचं. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये त्यातल्या लॅटिनवरूनच लबाडी उघडी पाडली. त्यातही ही शब्दरचना ख्रिस्ताचा शिष्य संत पेत्र याच्याबद्दल आहे. मध्ययुगात चर्चच्या कायदेसंग्रहात हे दानपत्र घुसलं, त्यामुळे शब्द फिरत राहिले, हे खरं. १९६८ च्या एका लॅटिन फर्मानात पोप पॉल सहावे यांनी स्वतःला ‘वंदनीय देवपुत्राचा प्रतिनिधी आणि कारभारी’ म्हटलं आहे, तेही लपवायचं कारण नाही. पण व्हॅटिकनच्या वार्षिक ग्रंथात पोपच्या पदव्यांची यादी छापतात, तिथे असतं ‘रोमचे बिशप’, ‘येशू ख्रिस्ताचे प्रतिनिधी’, ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ वगैरे. ‘व्हिकारिउस फिलिई देई’ त्यात नाही.

मुकुटाच्या अफवेला मात्र एका कॅथलिक साप्ताहिकानेच खतपाणी घातलं. अमेरिकेतल्या ‘अवर संडे व्हिजिटर’ने १९१५ साली वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना, पोपच्या मुकुटावर हेच शब्द आहेत, असं छापलं. पुढे १९४१ मध्ये त्यांनीच ते नाकारलं, पण तोवर कात्रणं जगभर गेली होती. तो तिमजली मुकुट शेवटचा चढला १९६३ मध्ये, पॉल सहावे यांच्या डोक्यावर. पुढच्याच वर्षी त्यांनी तो वेदीवर ठेवून दिला आणि आज तो वॉशिंग्टनच्या एका बॅसिलिकात बघायला मिळतो. मेसेजमधल्या फोटोत पोपच्या डोक्यावर आहे ती बिशपची साधी टोपी, मायटर!

राहिला अर्थ. ‘व्हिकारिउस’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. रोममध्ये गुलामाच्या हाताखालच्या गुलामालाही हाच शब्द होता, आणि डायोक्लेशियनच्या काळापासून अनेक प्रांतांच्या गटावर नेमलेल्या अधिकाऱ्यालाही. मराठीत सांगायचं तर मुतालिक. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी ‘राजा शाहू नरपती हर्षनिधान’ येतं, मग त्यांचं स्वतःचं नाव. बळकावणारा असा शिक्का मारत नाही. पोपची सत्ता झुगारणाऱ्या इंग्लंडच्या चर्चमध्येही गावोगावी ‘व्हिकर’ म्हणवणारे पाद्री आहेतच. पोर्तुगीजांकडून हाच शब्द ‘विगार’ होऊन कोंकणीत आला आणि गोव्यात चर्चच्या मुख्य पाद्रीला आजही तेच म्हणतात.

मावशीचं सासर गोव्याचं. तुझं लग्न कुणी लावलं, असं मी फोनवर विचारलं.

“विगारानं,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळ काहीच बोलली नाही.