सरसकट कपात नको

मंदीची चाहूल लागली की आयटी प्रमुखाने नुसती खर्चाला कात्री लावू नये, धंद्याच्या निर्णयातही बसावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण तिथे बसायचं तर हातात हिशेब हवा. आम्ही एकदा क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरलेल्या सर्व्हरचं, बिल ओळीओळीने वाचायला बसलो. चाचणीचे सर्व्हर रात्री आणि शनिवार-रविवारीही चालूच, नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावावरची सॉफ्टवेअरची लायसन्सही तशीच. हे सगळं बंद करताना कुणाची नोकरी घालवावी लागली नाही.

सगळ्या खात्यांना सारखी कपात मात्र घातक. पहिला बळी जातो तो जुन्या सिस्टिमच्या डागडुजीचा, कारण ती टाळल्याचं त्या तिमाहीत काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्स या विमान कंपनीचं डिसेंबर २०२२ आठवा. वादळाचा फटका इतर विमान कंपन्यांनाही बसला होता, पण त्या लवकर सावरल्या. साउथवेस्टचं क्रूच्या ड्यूट्या लावणारं जुनं सॉफ्टवेअर कोलमडलं आणि १६ हजारांवर फेऱ्या रद्द झाल्या. वैमानिकांची संघटना या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल आधीपासून सांगत होती! असा धोका सीएफओपुढे (कंपनीच्या वित्त प्रमुखापुढे) पैशांत मांडणं हे आयटी प्रमुखाचंच काम आहे. लेखकाने यावर सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती.