डबा बोलला नाही

पाव किलो वांगी, कोथिंबिरीची जुडी आणि दोन लिंबं. झाले चाळीस रुपये. एवढ्याशा भांडवलावर रविवारी सकाळी भर बाजारात माझी जी शोभा झाली, ती अजून घशाखाली उतरलेली नाही.

स्कॅन केलं, पिन दाबला, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. पिशवी उचलायला गेलो तर दुसरा बंद मावशींनी धरलेला.

"डबा बोलला नाही."

"मावशी, हे बघा ना, पैसे गेलेत."

"तुमचे गेले असतील. माझ्याकडं आले नाहीत."

डबा म्हणजे बटाट्यांच्या ढिगावर विराजमान झालेला तो स्पीकर. त्याला लिंबू-मिरचीसुद्धा बांधलेली. माझ्या आधीच्या माणसाचे पंधरा रुपये त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवले होते. माझ्या वेळी मौनव्रत. मुलाच्या मोबाइलवर बघा म्हटलं, तर मोबाइल मुलाकडे आणि मुलगा मॅचला. माझ्या मोबाइलवर भरवसा ठेवा म्हटलं, तर गेल्या उन्हाळ्यात तीन पोरं खोट्या ॲपवरची हिरवी टिक दाखवून कलिंगडं घेऊन गेली, ती कथा झाली. "ह्या डब्याचं महिन्याला भाडं भरते मी," मावशी म्हणाल्या. "उगं न्हाई."

मावशींचं चुकत नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता. कारण नोव्हेंबर २०१६ मध्ये, पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा, माझ्याकडे कुणीच सुटी करून देत नसलेली दोन हजारची एकुलती एक नोट होती आणि याच मावशींनी मला तीन आठवडे उधारीवर भाजी दिली होती. लिहूनसुद्धा ठेवली नव्हती. मी ती आठवण काढली. "तवा पैसे दिसायचे ओ दादा," एवढं बोलून त्यांनी बंद आणखी घट्ट धरला.

इतक्यात शेंगवाले काका अवतरले. कापडी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या, त्यातली एक हातात, बोलताना रोखायला.

"काय झालं?" पंचनाम्याला आल्यासारखा सूर.

मी सांगितलं.

"बँक कुठली?"

तेही सांगितलं. कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे त्यांनी डोळे मिटले. "तिथे खातं काढायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पगार तिथेच होतो."

"मग संपलंच." शेंग वर गेली. "हा पत्रा बघितलात? खाली रेंज येत नाही. चढा."

"कुठे?"

"क्रेटवर. हात वर करा. अजून. फोन आकाशाला दाखवा."

माणूस ठामपणे बोलला की आपण ऐकतो, हा माझा जुना रोग. मी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर चढून हात उंचावला. हार घालायचं राहून गेलेल्या पुतळ्यासारखा दिसत असणार. पैसे आधीच गेलेत, आता मला रेंज मिळून काय उपयोग, हे वर चढल्यावर सुचलं. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीने माझ्या पायांजवळून हात घालून स्कॅन केलं आणि डबा खणखणीत बोलला, "बारा रुपये प्राप्त झाले."

"बघा," काका रांगेकडे वळून म्हणाले. "डबा ठणठणीत आहे. दोष यांच्यात आहे."

रांगेने माना डोलावल्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात २००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले म्हणतात. त्या गर्दीत माझ्याच वांग्यांना वाट सापडू नये?

मी वर असतानाच खालून व्याख्यान सुरू झालं. काकांचा भाचा नैरोबीला असतो. केनियात हे २००७ पासून आहे, एम-पेसा नाव, पेसा म्हणजे पैसाच, आपलाच शब्द तिकडे गेलेला. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, एसएमएसवर पावती येते, कोपऱ्यावरच्या एजंटकडून रोख घ्यायची. "आणि आपलं यूपीआय कधीचं? २०१६! नऊ वर्षं आधी केनिया!" दर वाक्याला शेंग माझ्या गुडघ्यावर. नऊ वर्षांच्या विलंबाला मीच जबाबदार असल्यासारखी.

मला मात्र रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आठवत होता. दुकानदाराला दिलेले पैसे मधेच अडकले, तर बँकेने पाच दिवसांत आपणहून परत करायचे, पुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. चाळीसच्या वांग्यांवर रोजचे शंभर! क्षणभर वाटलं, नाहीच बोलला डबा तर बरं.

रोख द्यावी तर खिशात एटीएमने दिलेली पाचशेची नोट. ती बघून मावशी नुसत्या हसल्या. पूर्वी सुट्ट्याऐवजी निदान चॉकलेट तरी मिळायचं.

शेवटी काकांनीच बंडीच्या खिशातून दहाच्या चार नोटा काढून मावशींना दिल्या. "मी रोखच ठेवतो. या भानगडीत पडतच नाही." मी क्रेटवरून उतरून आभार मानले. त्यांनी फोन पुढे केला. त्यावर क्यूआर कोड.

"पाठवा चाळीस."

"तुम्ही या भानगडीत पडत नाही ना?"

"देताना भानगड. घ्यायला काय हरकत आहे?"

हे चाळीस मात्र क्षणात पोचले. काका शेंगा सावरत निघून गेले.

मी कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, मागून आवाज आला, "चाळीस रुपये प्राप्त झाले." धावत परत आलो. "मावशी, हे माझे!"

मावशींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या पाच-सहा जणांकडे. "डबा नाव कुठं सांगतो? नाव दिसतंय पोराच्या मोबाइलात."

आणि पोरगा मॅचला.

त्यांनी जरा विचार केला, आणि न विचारताच गवारीचे दोन मोठे मूठभर तराजूत टाकले. "चाळीसची होती बगा. न्या."

आमच्या घरी गवार कुणी खात नाही. आज बुधवार. दोनदा केली, अजून निम्मी उरली आहे.