१९४१ नंतरचं होगाचं काम का गाळलं?

तुमच्या लेखात म्हटलं आहे की १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर झालेल्या हल्ल्यानंतर होगा या टगचं (मोठ्या जहाजांना ढकलणारी-ओढणारी छोटी बोट) खरं काम संपलं, हे मला बिलकुल पटलं नाही. त्या हल्ल्यात तिनं नेवाडा युद्धनौकेला ढकलून किनाऱ्याच्या गाळात टेकवलं, ॲरिझोना युद्धनौकेची आग विझवत राहिली, ते तुम्ही मस्तच लिहिलं, पण १९४८ पासून हीच बोट अमेरिकेतल्या ओकलंड बंदरात अग्निशामक बोट म्हणून चाळीसहून जास्त वर्षं राबली ना भाऊ, ते एका ओळीतही नाही! १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आता आर्कान्सामधल्या संग्रहालयात आहे.

आम्ही यवतमाळकडचे, समुद्र इथून कुठच्या कुठं, पण माझे काका मुंबईला गोदीत टगवरच खलाशी होते, सुट्टीत गावी आले की तेच सांगून राहत. मोठ्या जहाजाचा वेग कमी झाला की सुकाणूला पाण्याची पकड मिळत नाही, अरुंद जागेत ते स्वतःहून वळूच शकत नाही, मग टगच त्याला ढकलते, ओढते, धक्क्याला लावते, आणि हे रोजचंच, लढाई असो की नसो. या रोजच्या कामावर पण लिहा जी, आम्ही नक्की वाचू.